भाडेपट्ट्यावरील सदोष वाहन : दायित्व कोणाचे?

वस्तू विकत घेणारा, ती वापरणारा आणि तिचा मालक या तिन्ही भूमिका एकाच व्यक्तीकडे असतात, असे गृहीत धरून ग्राहक संरक्षणाचा विचार आपल्याकडे दीर्घकाळ होत आला. पंखा किंवा शिलाई यंत्र विकत घेणाऱ्या गृहस्थापुरते हे गृहीतक ठीक आहे. वाहनांच्या, त्यातही पोटापाण्यासाठी चालविल्या जाणाऱ्या वाहनांच्या बाबतीत मात्र ते पुष्कळदा खोटे ठरते. वाहनाची किंमत एकाने मोजलेली असते आणि ते बंद पडले की रोजगार बुडतो तो दुसऱ्याचा. अशा वेळी दोषाची जबाबदारी कोणावर टाकावी, हा प्रश्न कायद्याइतकाच अर्थशास्त्राचाही आहे. स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांनी तो दोन्ही अंगांनी समजून घ्यावयास हवा.

विवेचनाच्या सोयीसाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. रायपूर शहराच्या उत्तरेस उरला आणि सिलतरा या मोठ्या औद्योगिक वसाहती आहेत. तेथील लोखंड-पोलादाच्या कारखान्यांभोवती मालवाहतुकीचा मोठा पसारा उभा राहिला आहे. समजा, रायपूरच्या तात्यापारा भागात राहणाऱ्या एका चालकाने नागपूरच्या एका वित्त कंपनीकडून लहान मालवाहू टेम्पो तीन वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतला. टेम्पो पुणे जिल्ह्यातील कारखान्यात तयार झालेला, विक्रेता रायपूरचा आणि मासिक भाडे १६,००० रुपये. दुसऱ्याच महिन्यात गिअरबॉक्स अडकू लागला. चार वेळा वर्कशॉपची वारी झाली आणि एकूण ४१ दिवस टेम्पो जागेवर उभा राहिला. विक्रेता म्हणतो, ‘बिल वित्त कंपनीच्या नावाचे आहे, आमचा ग्राहक ती कंपनी.’ वित्त कंपनी म्हणते, ‘आम्ही केवळ पैसा पुरविला. टेम्पो तुम्हीच पसंत केलात. तो चालो वा न चालो, भाडे देय राहील, असे करारात लिहिले आहे.’ उत्पादक म्हणतो, ‘सुटा भाग वॉरंटीत बदलून दिला, आमचे काम संपले.’ तिघांच्याही बोलण्यात थोडेथोडे तथ्य आहे, आणि हीच खरी अडचण आहे. गिअरबॉक्स बंद असला तरी हप्त्याची तारीख थांबत नाही.

व्यवहाराचे स्वरूप आधी ओळखावे

बोलीभाषेत अशा सर्व वाहनांना आपण ‘फायनान्सची गाडी’ म्हणतो. कायदा मात्र त्यांत काटेकोर भेद करतो. कर्ज काढून वाहन घेतले आणि ते सावकाराकडे नजरगहाण ठेवले, तर खरेदीदार व मालक आपणच असतो. नोंदणी प्रमाणपत्रावर फक्त कर्जाचा बोजा चढतो. भाडेखरेदीत वाहन प्रथम वित्त कंपनी विकत घेते, आपण हप्ते भरतो आणि शेवटच्या हप्त्यानंतर खरेदीचा पर्याय वापरून मालक होतो. भाडेपट्ट्यात मालकी शेवटपर्यंत कंपनीकडेच राहते. आपल्याला मिळतो तो केवळ वापराचा हक्क. घटनेच्या १९८२ मधील ४६ व्या दुरुस्तीने अनुच्छेद ३६६ मध्ये जे खंड २९-क घातले, त्यात भाडेखरेदीने वस्तू देणे आणि वस्तूच्या वापराचा हक्क हस्तांतरित करणे या दोन गोष्टी स्वतंत्रपणे नमूद आहेत. हा भेद आपल्याकडे प्रथम करवसुलीसाठी नीट मांडला गेला, ग्राहकाच्या सोयीसाठी नव्हे, हे जाता जाता नोंदवावेसे वाटते.

भाडेपट्ट्याचेही दोन प्रकार आहेत आणि पुढील सर्व विवेचन त्यांच्यावर अवलंबून आहे. पहिल्यात कंपनी स्वतःच्या ताफ्यातील वाहन दिवसाच्या, आठवड्याच्या वा काही महिन्यांच्या भाड्याने देते. वाहनाची निवड, देखभाल व दुरुस्ती तिचीच असते. गोव्यात पर्यटकांना मिळणारी स्वतः चालविण्याची मोटार या प्रकारात मोडते. याला परिचालन भाडेपट्टा म्हणतात. दुसऱ्यात वाहन कोणते, कोणत्या विक्रेत्याकडून, कोणत्या किमतीला हे सारे वापरणारा ठरवितो. कंपनी फक्त किंमत चुकती करते आणि भाड्याच्या रूपाने मुद्दल व व्याज वसूल करते. हा वित्तीय भाडेपट्टा होय. असी ब्राऊन बोव्हेरी विरुद्ध भारतीय औद्योगिक वित्त महामंडळ या २००४ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्याची लक्षणे सांगितली आहेत. नाव भाड्याचे असले तरी हा व्यवहार मूलतः वित्तपुरवठ्याचा असतो आणि मालमत्तेची जोखीम भाडेपट्टेदाराकडे जाते, हा त्यातील गाभा.

दीडशे वर्षांपूर्वीचे कलम

भाड्याच्या वस्तूतील दोषाबाबत सर्वांत स्पष्ट नियम १८७२ च्या भारतीय करार अधिनियमात सापडतो, हे वाचून अनेकांना आश्चर्य वाटेल. वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात विशिष्ट हेतूने देणे, याला हा कायदा ‘निक्षेप’ म्हणतो. कलम १५० नुसार, वस्तू फुकट वापरायला दिली असेल तर देणाऱ्याने आपल्याला ठाऊक असलेले दोष सांगितले की पुरे. परंतु ती भाड्याने दिली असेल, तर दोष त्याला ठाऊक असो वा नसो, त्यामुळे झालेल्या हानीस तो जबाबदार राहतो. कलमाखालचे उदाहरण तर वाहनाचेच आहे. एकाने दुसऱ्याकडून गाडी भाड्याने घेतली, ती असुरक्षित होती, मालकाला त्याची कल्पना नव्हती आणि भाडेकरू जखमी झाला, तरीही मालक जबाबदार. घोड्यांच्या बग्गीच्या काळात लिहिलेला हा नियम ताफ्यातून भाड्याने दिलेल्या मोटारीलाही लागू पडतो.

त्यामागील अर्थशास्त्रीय तर्क पाहा. जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखविले, की विकणाऱ्याला मालाची प्रत माहीत असते आणि घेणाऱ्याला नसते, तेव्हा खराब माल चांगल्या मालाला बाजारातून हुसकावून लावतो. माहितीच्या या विषमतेवरील कार्यासाठी त्यांना २००१ मध्ये मायकेल स्पेन्स व जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्याच सुमारास गुइडो कॅलाब्रेसी या विधिज्ञाने अपघातांच्या खर्चाचा विचार मांडला. त्याचा मथितार्थ असा, की नुकसानीचा भार त्याच्यावर टाकावा, जो ते सर्वांत कमी खर्चात टाळू शकला असता. ताफ्याच्या मालकाकडे मेकॅनिक असतो आणि त्याच्या हाती वाहनाचा पूर्वेतिहासही असतो. एका दिवसासाठी गाडी घेणाऱ्या पर्यटकाकडे यांतले काही नसते. म्हणून कलम १५० अज्ञानाची सबब ऐकून घेत नाही.

वित्तीय भाडेपट्ट्यात मात्र चित्र उलटे होते. नागपूरच्या कंपनीने रायपूरचा टेम्पो कधी पाहिलेलाही नसतो. निवड चालकाची, ताबा त्याचा, देखभाल त्याची. दोष शोधण्याची संधी कंपनीला नव्हती, मग तिच्यावर भार टाकून साधणार काय? ती तो भार पुढच्या ग्राहकांच्या भाड्यात मिसळून मोकळी होईल. हा युक्तिवाद मला तत्त्वतः मान्य आहे. परंतु त्याची दुसरी बाजू अशी, की कंपनीला मोकळे सोडायचे असेल तर वापरणाऱ्याला विक्रेत्यावर व उत्पादकावर थेट हक्क मिळाला पाहिजे. १९३० च्या माल विक्री अधिनियमातील कलम १६ मालाच्या योग्यतेची गर्भित हमी देते, पण ती खरेदीदाराला, आणि येथे खरेदीदार आहे वित्त कंपनी. १९८८ मध्ये ओटावा येथे संमत झालेल्या आंतरराष्ट्रीय वित्तीय भाडेपट्टा करारनाम्याने हा पेच सरळ सोडविला. भाडेपट्टा देणाऱ्याला सामान्यतः दायित्वातून वगळले आणि त्याच वेळी, पुरवठादाराची कर्तव्ये भाडेपट्टेदार जणू खरेदीकरारातील पक्षच आहे अशा रीतीने त्याच्याप्रतीही लागू केली. तो करारनामा घरगुती वापराच्या वस्तूंना लागू नाही. तरी देवाणघेवाणीचे तत्त्व त्यातून स्पष्ट होते.

आपल्याकडे भाडेखरेदीपुरता असा प्रयत्न झाला होता. १९७२ च्या भाडेखरेदी अधिनियमात वस्तूच्या प्रतीविषयी गर्भित अटी व हमी नमूद होत्या. संसदेने संमत केलेला हा कायदा कधी अमलातच आला नाही आणि २००५ मध्ये तो निरसित झाला. भारतातील भाडेपट्टा व्यवसायाची सुरुवात साधारणतः १९७३ पासून, मद्रासच्या फर्स्ट लीजिंग कंपनीपासून मानली जाते. म्हणजे हा उद्योग वाढत गेला त्या संपूर्ण काळात वापरणाऱ्याच्या बाजूचा कायदा पुस्तकात पडून राहिला.

ग्राहक कोण?

ही पोकळी काही अंशी १९८६ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाने आणि आता २० जुलै २०२० पासून अमलात आलेल्या २०१९ च्या अधिनियमाने भरून काढली. नव्या कायद्याच्या कलम २(७) मध्ये ‘ग्राहक’ या संज्ञेत तीन गोष्टी येतात. किंमत हप्त्याने वा पुढे चुकती करण्याच्या पद्धतीने वस्तू घेणारा ग्राहक आहेच. खरेदीदाराच्या संमतीने वस्तू वापरणाराही ग्राहक आहे. आणि मोबदला देऊन सेवा घेणाराही. भाडेपट्टेदाराच्या दृष्टीने मधला शब्दप्रयोग सर्वांत मोलाचा आहे. बिल कोणाच्या नावाचे, हा विक्रेत्याचा आक्षेप त्यामुळे निकाली निघतो, कारण वित्त कंपनीच्या संमतीनेच तर टेम्पो चालतो आहे.

परंतु व्यापारी प्रयोजनासाठी वस्तू वा सेवा घेणारा ‘ग्राहक’ नव्हे, असा अपवाद आहे. येथेच बहुतेक प्रकरणे अडतात. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स विरुद्ध पी.एस.जी. इंडस्ट्रियल इन्स्टिट्यूट या १९९५ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने या अपवादाची मर्यादा आखली. अर्जदार महाराष्ट्रातील लघुउद्योग होता आणि वाद एका महागड्या यंत्राचा होता. त्याचा दावा फेटाळला गेला, पण निर्णयातील उदाहरणे असंख्य चालकांच्या उपयोगी पडली. स्वतः चालवून पोट भरण्यासाठी ऑटोरिक्षा घेणारा ग्राहक आहे, स्वतः ट्रक चालविणाराही ग्राहक आहे आणि मदतीला एकदोन माणसे ठेवल्याने त्याचे ग्राहकपण संपत नाही. वाहने बरीच आणि पगारी चालक अनेक असले, तर मात्र तो व्यापारी ठरण्याचा संभव अधिक. लीलावती कीर्तिलाल मेहता मेडिकल ट्रस्टच्या २०१९ च्या प्रकरणात न्यायालयाने व्यवहारामागील प्रधान हेतू पाहावा असे सांगितले. २०२४ मध्ये डेमलर क्रायस्लर विरुद्ध कंट्रोल्स अँड स्विचगिअर या प्रकरणात, कंपनीने संचालकाच्या वापरासाठी घेतलेली मोटार केवळ कंपनीच्या नावावर आहे म्हणून व्यापारी ठरत नाही, असा निर्वाळा दिला. नोकरदारांना भाडेपट्ट्याने मिळणाऱ्या मोटारींच्या दृष्टीने हा निर्णय महत्त्वाचा आहे.

आता एक बारीक परंतु गंभीर मुद्दा. २००२ च्या दुरुस्तीनंतर जुन्या कायद्यातील स्पष्टीकरण, स्वयंरोजगाराने उपजीविका करण्यासाठी ‘विकत घेतलेल्या वस्तू’ आणि ‘घेतलेल्या सेवा’ या दोहोंना व्यापारी प्रयोजनातून वगळत असे. २०१९ च्या कायद्याच्या स्पष्टीकरणात केवळ विकत घेऊन वापरलेल्या वस्तूंचा उल्लेख उरला आहे. आमच्या चालकाने टेम्पो विकत घेतलेला नाही, भाडेपट्ट्याने घेतला आहे. म्हणजे हप्त्याने खरेदी करणारा त्याचा शेजारी निःसंशय ग्राहक आणि हा मात्र वादग्रस्त! १९९५ च्या निर्णयात न्यायालयाने असे स्पष्टीकरण खुलासेवजा मानले होते. त्या आधारे भाडेपट्टेदार चालकाची बाजू मांडता येते आणि मांडली जावी. तथापि, दिवसाला भाड्याची रिक्षा घेऊन चालविणारे आणि भाडेपट्ट्यावर टेम्पो चालविणारे यांच्यापाशी भांडवल सर्वांत कमी असते. संरक्षणाची गरज ज्यांना अधिक, त्यांच्याच बाबतीत कायद्याचा शब्द संदिग्ध राहावा, हे योग्य नव्हे. ही दुरुस्ती एका ओळीची आहे.

वित्त कंपनीच्या दायित्वाबाबत २०१९ चा कायदा बराच स्पष्ट आहे. ‘उत्पादन विक्रेता’ या संज्ञेत कलम २(३७) ने वस्तू भाडेपट्ट्याने देणाऱ्यालाही घेतले आहे. त्याच वेळी दोष तपासण्याची वाजवी संधी नसताना, आणि निवड, ताबा, देखभाल व वापर दुसऱ्याच्या नियंत्रणात असताना भाडेपट्टा देणाऱ्याला वगळले आहे. परिचालन आणि वित्तीय भाडेपट्ट्याचा भेद येथे कायद्याच्या शब्दांत उतरला, असे म्हणता येईल. ताफ्यातील मोटारीचे ब्रेक झिजलेले असल्याने अपघात झाला, तर कलम ८६ खाली तपासणी व देखभालीत वाजवी दक्षता न घेतल्याबद्दल भाड्याने देणारी कंपनी सापडते. मात्र उत्पादन दायित्वातील ‘हानी’ म्हणजे शारीरिक इजा किंवा इतर मालमत्तेचे नुकसान. खुद्द वाहनाचा बिघाड आणि बुडालेले उत्पन्न त्यात येत नाही. त्यासाठी ‘वस्तूतील दोष’ व ‘सेवेतील उणीव’ या जुन्याच वाटेने जावे लागते. परीक्षार्थींचा गोंधळ नेमका येथे होतो. शिवाय वाहनाचा गैरवापर किंवा त्यात फेरफार झाला असल्यास विक्रेत्याला कलम ८७ चा बचाव मिळतो. क्षमतेपेक्षा अधिक लोखंड लादणाऱ्या मालवाहतूकदारांनी हे ध्यानात ठेवावे.

दोष सिद्ध कसा करावा?

उत्पादकाविरुद्धची लढाई पुराव्याची असते. मारुती उद्योगच्या २००६ च्या प्रकरणात, वॉरंटी सदोष भाग दुरुस्त करण्याची वा बदलण्याची असेल तर तेवढ्यावरून संपूर्ण मोटार बदलून मागता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. त्याआधी २००४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या प्रकरणात मात्र, सदोष मोटार नवी म्हणून विकणे आणि दोष मान्य करण्याऐवजी ग्राहकाशी भांडत राहणे, याबद्दल न्यायालयाने कठोर शब्द वापरले होते. ह्युंदाईच्या २०२२ च्या प्रकरणात धडकेनंतर एअरबॅग उघडल्या नव्हत्या. वेग आणि बल यांचे गणित मांडणे हे ग्राहकाचे काम नव्हे, असे सांगून न्यायालयाने मोटार बदलून देण्याचा आदेश कायम केला. तिन्ही निर्णय एकत्र वाचले की दिसते, एखाद्या सुट्या भागाचा बिघाड आणि वाहनात मुळातच असलेला दोष यांतील अंतर ग्राहकाने कागदांवरून दाखवून द्यावयाचे असते.

त्यासाठी कलम ३८(२)(ग) नुसार आयोग वाहन योग्य प्रयोगशाळेकडे तपासणीस पाठवू शकतो. पुण्याच्या एआरएआय संस्थेचे प्रमाणपत्र वाहनाच्या नमुन्याला मिळालेले असते. आपल्या हातातील एका विशिष्ट वाहनाविषयी ते काही सांगत नाही. म्हणून प्रत्येक खेपेचे जॉब कार्ड, त्यावर आपल्या शब्दांत लिहून घेतलेली तक्रार आणि वाहन आत गेल्याची व बाहेर आल्याची तारीख हाच सर्वांत भक्कम पुरावा. एकच दोष चार जॉब कार्डांवर पुन्हा पुन्हा दिसला, तर तो किरकोळ बिघाड आहे असे म्हणणे उत्पादकाला जड जाते.

विक्रेता आणि उत्पादक दोघांनाही प्रतिपक्ष करणे हितावह. गोव्यातील एका ग्राहकाला २०११ मध्ये विक्रेत्याने २००९ मध्ये बनलेली मोटार दिली. त्या वादात २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टाटा मोटर्सला दायित्वातून मुक्त केले, कारण विक्रेता स्वतंत्र व्यापारी होता आणि त्याच्या कृत्याची उत्पादकाला माहिती असल्याचे सिद्ध झाले नव्हते. म्हणजे एकाच्या चुकीसाठी दुसऱ्यावर विसंबून चालत नाही.

दोष एकाच वाहनापुरता नसून संपूर्ण मालिकेत असेल, तर मोटार वाहन अधिनियमातील कलम ११०-क आहे. २०१९ च्या दुरुस्तीने आलेली ही तरतूद १ एप्रिल २०२१ पासून लागू झाली आणि तिच्याखाली केंद्र सरकार उत्पादकाला सदोष वाहने परत बोलावण्याचा आदेश देऊ शकते. याच अधिनियमाच्या कलम २(३०) नुसार भाडेपट्टा, भाडेखरेदी वा नजरगहाण यांखाली ज्याच्या ताब्यात वाहन आहे, तोच ‘मालक’ समजला जातो. विमा आणि दंडाच्या वेळी मालक, पण गिअरबॉक्स बिघडला की ‘बिल तुमच्या नावाचे नाही’, ही विसंगती चालकाने आयोगापुढे आवर्जून मांडावी.

रायपूरहून दाद मागताना

१९८६ च्या कायद्याखाली तक्रार प्रतिपक्ष असेल तेथे किंवा वादाचे कारण घडले तेथे करावी लागे. नागपूरच्या कंपनीचा करार असला की रायपूरच्या माणसाला सुमारे तीनशे किलोमीटर जाण्याची धास्ती असे. २०१९ च्या कायद्याच्या कलम ३४ ने तक्रारदार राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडेही दाद मागण्याची मुभा दिली. अधिकारकक्षा दिलेल्या मोबदल्यावरून ठरते, मागितलेल्या भरपाईवरून नव्हे. २०२१ च्या नियमांनुसार जिल्हा आयोग ५० लाख रुपयांपर्यंत, राज्य आयोग त्यापुढे २ कोटींपर्यंत आणि राष्ट्रीय आयोग त्याहून अधिक मोबदल्याची प्रकरणे ऐकतो. ५ लाखांपर्यंत शुल्क नाही. मुदत वादाचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची.

‘भाडे कोणत्याही स्थितीत देय राहील’ हे कलमच अन्याय्य आहे, असे म्हणायचे असेल तर मात्र वाट वेगळी. कलम २(४६) मधील ‘अनुचित करार’ ही संकल्पना त्यासाठी आहे आणि अशी तक्रार जिल्हा आयोगाकडे नव्हे, तर राज्य आयोगाकडे, म्हणजे छत्तीसगडच्या बाबतीत रायपूर येथेच, करावी लागते. वित्तीय भाडेपट्ट्यातील असे कलम सरसकट अनुचित ठरेल, असे मला वाटत नाही. वाहन बंद असल्याचे लेखी कळवूनही जबर दंडव्याज लावणे किंवा अनामत अडवून ठेवणे मात्र त्या व्याख्येच्या जवळ जाते.

निकाल लागेपर्यंत हप्ते थांबवावेत काय? हा प्रश्न चालक सर्वांत आधी विचारतो. उत्तर कटू आहे. मॅग्मा फिनकॉर्पच्या २०२० च्या प्रकरणात, भाडेखरेदीत सर्व हप्ते फिटेपर्यंत वित्तपुरवठादारच मालक राहतो आणि थकबाकीमुळे वाहन ताब्यात घेणे ही स्वतःहून सेवेतील उणीव ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे. भाडेपट्ट्यात मालकी तर निर्विवाद कंपनीची. गुंड पाठवून वाहन ओढून नेण्यास २००७ च्या आयसीआयसीआय बँकेच्या प्रकरणात न्यायालयाने मनाई केली असली, तरी थकबाकी ही थकबाकीच राहते, आणि वाहन हातचे गेले की तपासणीसाठी पाठवायचा मुख्य पुरावाही जातो. म्हणून भाडे आपला हक्क राखून भरत असल्याचे प्रत्येक वेळी लेखी कळवावे, वित्त कंपनीने वॉरंटीचे हक्क आपल्या नावे करून द्यावेत अशी मागणी करावी, आणि तक्रारीसोबतच आयोगाकडे अंतरिम आदेशाचा अर्ज द्यावा. कलम ३८(८) मध्ये त्याची तरतूद आहे. १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या ई-जागृती संकेतस्थळावरून तक्रार घरबसल्या दाखल करता येते, तसेच राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांकही उपलब्ध आहे. हेल्पलाइनवरील नोंद म्हणजे आयोगापुढील तक्रार नव्हे. तिच्यामुळे दोन वर्षांची मुदत थांबत नाही.